दोनदा ऐकणाऱ्या मशीनसाठी सिद्धेश्वरला

परवा एका वाचक बाईंनी विचारलं, "औंढा नागनाथला जायचं आहे, जोडून आणखी काय पाहावं?" त्यांना सिद्धेश्वर धरणाबद्दल दोन ओळी लिहून पाठवाव्यात म्हणून बसले आणि झाली ही एवढी लांबण. कारण त्या धरणावर मी पहिल्यांदा गेले ती सहलीला नव्हे. सत्तरचं दशक संपत आलं होतं, हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहीत होते. आम्ही टेबलावर मावणारं एक गणक मशीन बनवलं होतं. समोर छोटा पडदा, खाली कळपाट म्हणजे कीबोर्ड, शेजारी प्रोग्रॅमची कॅसेट. कालव्यावर ठिकठिकाणी पाणी किती आहे ते आकडे भरले की कोणतं दार किती उचलायचं ते मशीन सांगणार, अशी योजना. त्यातलं एक सिद्धेश्वरला चाचणीसाठी दिलं होतं. महिन्याभरात निरोप आला: तिथल्या बाईंना जमत नाही, मशीन परत न्या.

"तू जा आणि त्यांना नीट शिकव," साहेब म्हणाले. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर प्रशिक्षण हा एकच उपाय होता. मला त्या शब्दाची तेव्हाही चीड होती. पण पुण्याबाहेर पडायला मिळत होतं, तेही कंपनीच्या पैशांनी. मी लगेच हो म्हटलं. आईने लाडूंचा डबा दिला आणि एकटी जाते म्हणून दारापर्यंत धुसफूस केली.

तेव्हा मनमाडला गाडी बदलून छोट्या रुळांच्या गाडीत बसायचं. ती गाडी इतकी निवांत की कुठल्या स्टेशनवर उतरून चहा पिऊन पुन्हा चढलो तरी तिची हरकत नसे. परभणीला उतरले तेव्हा अंगावर मनमाडपासूनचा कोळसा होता. तिथून औंढ्याची एसटी. जानेवारी होता. दोन्ही अंगांना ज्वारी कणसाला आलेली आणि रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग, त्यामुळे बस बैलांच्याच वेगाने चालली. मला मजा वाटत होती. ड्रायव्हरला नव्हती वाटत. (आता जाणार असाल तर रूळ मोठे झाले आहेत, रस्तेही. परभणीहून किंवा हिंगोलीहून औंढ्याला बस सहज मिळते. तेव्हाची तिकिटं मला आठवत नाहीत, आणि आठवली तरी तुम्हाला त्याचा उपयोग नाही.)

औंढ्याला धरणाकडे जाणाऱ्या बसला वेळ होता, म्हणून देवळात गेले. तुम्हीही निवांत वेळ ठेवूनच जा. हेमाडपंती दगडी काम, आणि पिंड खाली तळघरात. अरुंद तोंडातून बसत, वाकत उतरावं लागतं. साडी असेल तर पदर खोचूनच जावं. इथला नंदी देवळाच्या पाठीमागे आहे. का, ते फुलवाल्या आजींनी सांगितलं. एका भक्ताला समोर भजन करू देईनात, मागे हाकललं. तो मागे जाऊन बसला, तर आख्खं देऊळच त्याच्याकडे तोंड करून फिरलं. "नंदी राहिला तिथंच," आजी म्हणाल्या आणि सुटे पैसे परत द्यायला सोयीस्कर विसरल्या.

धरणावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. पूर्णेचं पाणी पसरलेलं, काठावर कोळ्यांच्या होड्या, गार वारा. विश्रामगृहात खोली मिळाली. जेवणाचं काय, असं विचारत होते तोवर एक मुलगी सायकल हातात धरून समोर आली. माझ्याच वयाची असेल.

"मी विमल. तुमचं मशीन मलाच जमंना," ती म्हणाली. "जेवायला घरी चला. आईनं अंबाडीची भाजी केली."

ज्या बाईंना शिकवायचं होतं त्या या. घरात शिरताच समोर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, त्यावर ताजी फुलं. भाकरी, अंबाडी, ठेचा, वर कच्चं तेल. त्या ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. तिच्या आईंना वाटलं मला घरची आठवण आली, त्यांनी आणखी वाढलं.

जेवताना विमलने सगळं मोकळेपणाने सांगितलं. मॅट्रिक होऊन ती धरणावर रोजंदारीने लागली होती. कालव्यावरच्या चौक्यांचे फोन घ्यायचं काम. मशीन राहिलं तर ते चालवायला एक कायमची जागा निघणार होती, आणि तिचं नाव पुढे होतं. मशीन गेलं की जागाही गेली. "शुक्रवारी परभणीहून इंजिनिअर साहेब येणार हायेत. त्या दिवशी जमलं तर जमलं," ती म्हणाली. "आई म्हणती देवाला नवस बोल. मी म्हनलं, पुण्याची बाई येऊन राहिली, तिलाच बोलते."

मी हसले खरी. मशीन परत गेलं असतं तर मला साहेबांची बोलणी बसली असती, एवढंच. तिचं मात्र सगळं त्यावर टांगलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिकवणं बाजूला ठेवलं आणि कोपऱ्यात स्टूल घेऊन बसले. "तू रोज करतेस तसं कर. मी बोलणार नाही," म्हटलं. गप्प बसणं हे माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे त्या सकाळचं श्रेय मला द्यायलाच हवं.

खात्याची स्वतःची तार होती आणि हँडल फिरवायचा फोन. चौकीवरचा माणूस कालव्यातल्या रंगवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघणार आणि फोनवर सांगणार. तीन चौक्यांनंतर चौथा फोन मौलाचाचांचा. चौकीवर त्यांचे केस पिकले होते, आणि तार कितीही खरखरली तरी त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येई.

"एकशे पस्तीस!" चाचा ओरडले. मग लगेच, "एकशे पस्तीस! बराबर?"

"बराबर, चाचा," विमल म्हणाली.

आधीच्या तिन्ही चौक्यांनीही आकडा दोनदाच सांगितला होता. पुढच्यांनीही तेच. त्या तारेवर हीच रीत होती. वाऱ्यात एकदा सांगितलेलं कोणी धरतच नसे. विमलच्या उजव्या हाताशी भिंतीवर काळा फळा होता. मशीन येण्याआधी ती त्यावर आकडे मांडायची. मी म्हटलं, फळ्यावर करून दाखव. तिने खडू घेतला. पहिल्यांदा ऐकलं की आकडा लिहिला, दुसऱ्यांदा ऐकलं की त्याच आकड्यावरून खडू पुन्हा गिरवला. सगळे आकडे असे दुहेरी, ठसठशीत. जो गिरवलेला नाही तो पक्का नाही, हे लांबूनसुद्धा कळायचं.

मग तिला मशीनवर बसवलं. एका हातात फोन, दुसरा हात कळपाटावर. चाचा म्हणाले एकशे पस्तीस, तिने दाबलं एकशे पस्तीस. चाचा पुन्हा म्हणाले, आणि तिचा हात सवयीने पुन्हा गिरवून गेला. पडद्यावर झालं एक लाख पस्तीस हजार एकशे पस्तीस. कालवा नव्हे, समुद्र! मशीनने इंग्रजीत तक्रार केली आणि आधी भरलेले सगळे आकडे पुसून टाकले. पुन्हा पहिल्या चौकीपासून सुरुवात. त्यातून आकडा पक्का करायला दोन कळा एकदम दाबाव्या लागत, आणि तिच्या एका हातात फोन.

"पाहा ना ताई," ती रडवेली होऊन म्हणाली, "मला ठावं हाय एकदाच दाबायचं. पण हात ऐकतच न्हाई."

मला त्या क्षणी फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. ती गोंधळली होती आणि मी खुशीत, हे दिसायला वाईट दिसलं असेल. पण दुखणं सापडलं होतं. पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून आम्ही ज्या माणसासाठी प्रोग्रॅम लिहिला होता त्याला दोन्ही हात मोकळे होते, इंग्रजी येत होतं आणि त्याच्याशी कोणी काही दोनदा बोलत नव्हतं. असा माणूस सिद्धेश्वरला राहतच नव्हता.

"तुझा हात बरोबर आहे," मी म्हटलं. "त्याला काही शिकवायचं नाही."

"मंग?"

"मशीनला शिकवायचं."

विमल खुदकन हसली. "औंढ्याचं देऊळ फिरलं, तवा हे डबडं काहून न्हाई फिरणार?"

दुपारभर मी प्रोग्रॅम बदलत बसले. वीज दोनदा गेली, आणि दुसऱ्यांदा गेली तेव्हा कॅसेटवर न उतरवलेलं सगळं गेलं. मी मशीनला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बदल तसा साधा होता. प्रत्येक चौकीचा आकडा मशीनने दोनदा घ्यायचा. दोन्ही जुळले तर पिंग असा आवाज आणि पडद्यावर एक शब्द. नाही जुळले तर फक्त तोच आकडा पुन्हा विचारायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. आकड्यांखेरीज एकच कळ वापरायची, एकाच बोटाने. देवनागरी त्या पडद्याला येत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत मराठी लिहिली. जुळल्यावर काय लिहायचं, असं विमलला विचारलं. "बराबर," ती म्हणाली, यात विचारायचं काय अशा आवाजात.

संध्याकाळी मौलाचाचा चौकीवरून आले ते मशीन बघायला. ती एक कळ चटकन दिसावी म्हणून त्यांनी पट्टी रंगवायच्या डब्यातल्या लाल रंगाचा ठिपका तिच्यावर ठेवला. "अब अंधे को भी दिखेगा," म्हणाले आणि आम्हाला हुरडा खायला घेऊन गेले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेले गरम हिरवे दाणे, सोबत तिळाची चटणी आणि गूळ. त्या भागात जानेवारीत गेलात आणि हुरडा न खाता परत आलात तर मला सांगूसुद्धा नका.

शुक्रवारी इंजिनिअर साहेब जीपने आले. घाईत होते. विमलने फोन उचलण्याआधीच खुर्चीत बसून स्वतः एक आकडा दाबला. मशीनने तोच पुन्हा मागितला.

"दोनदा कशाला? वेळ वाया," ते माझ्याकडे वळून म्हणाले.

मी तोंड उघडलं, पण विमल आधी बोलली. "साहेब, तारेवर आमी दोनदाच बोलतो. हे एकदाच ऐकत होतं, म्हणून बिघडत होतं."

साहेबांनी खुर्ची सोडली. विमल बसली. फोन मानेत धरला नाही, हातातच धरला, नेहमीसारखा. पहिली चौकी, पिंग. दुसरी, पिंग. तिच्या कपाळावर जानेवारीतही घाम होता. चौथ्या, चाचांच्या चौकीला बोट घसरलं. पिंग झालं नाही. पडद्यावर तेवढाच आकडा पुन्हा मागितला गेला, वरचे सगळे जागेवर होते.

"चाचा, फिरून सांगा," विमल फोनवर म्हणाली.

"तीसरी बार?" चाचांचा आवाज साहेबांनाही ऐकू गेला. "मशीन बहिरी है क्या?"

साहेब हसले. शेवटचं पिंग झालं आणि दारांचे आकडे पडद्यावर आले. पूर्वी हे कोष्टकं पाहून काढायला दुपार व्हायची, तोवर कालव्यात पाणी बदललेलं असायचं आणि शेवटच्या गावांना उरलेलं मिळायचं. त्या दिवशी टेबलावरचा चहा प्यायच्या आत दारं उचलायचा निरोप तारेवर गेला होता.

"मशीन राहू द्या," साहेब म्हणाले.

"आणि विमल?" मी विचारलं.

"बघू," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

त्या "बघू"ने माझा परतीचा निम्मा आनंद खाल्ला. अकोल्याला मावशी होती, म्हणून हिंगोलीहून वाशीमकडची बस धरली. कनेरगाव नाक्यावर बस जेवायला थांबली. तिथल्या ढाब्यावर झुणका-भाकर आणि कांदा, पोटभर. मालकाने चौकशी केली, "कुठून येऊन राहिल्या बाई?"

मी धरणावरच्या मशीनचं सांगितलं.

"मंग धरणाचं पाणी वाढलं काय?"

"नाही. आहे तेवढंच. पण वेळेवर पोचेल."

"ते बी लय झालं," म्हणाला आणि न मागता आणखी एक भाकरी टाकली.

पुढे मी आयुष्यभर हेच काम केलं. प्रोग्रॅम लिहिण्याआधी तो वापरणाऱ्या माणसाशेजारी स्टूल टाकून बसायचं, गप्प. बँकेत बसले, दवाखान्यात बसले, बाजार समितीत बसले. पुण्याच्या आमच्या साहेबांना ते कधीच पटलं नाही. आताशा फोनवर नवा पासवर्ड टाकताना तो पुन्हा लिहा म्हणून विचारणा होते आणि नात वैतागते. मला वैताग येत नाही. मला गोवऱ्यांचा धूर आठवतो.

आणि एक फोन. पुण्याला परतून उन्हाळा लागला होता. ऑफिसात ट्रंक कॉल आला, औंढ्याहून. तार नेहमीसारखी खरखरत होती, पण पलीकडचा आवाज मी लगेच ओळखला.

"ताई, मी कायम झाले!" विमल ओरडली. आणि श्वास घेऊन पुन्हा, "कायम झाले!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी ठेचा नव्हता. आख्खं ऑफिस बघत होतं.

"बराबर," मी ओरडले.