शांताबाई म्हणजे काळी चार

"शांताबाई, हळू!... शांताबाई, जोरात!... अजून जोरात, शांताबाई!"

नागपुरातल्या एका कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या काचबंद दुकानात रशीदभाऊ असा ओरडत होता, आणि आम्ही त्याला ब्रह्मपुरीच्या कब्रस्तानात ठेवून आलो त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. कॉम्प्युटरसमोरच्या इंजिनिअरने आवाज बंद केला, चष्मा सारखा केला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, असं पुष्कळ निघालंय. शांताबाई आहे, लीलाबाई आहे, कोणी वैजयंता आहे... सगळ्यांना हळू, जोरात सांगतायत. फॅमिलीला द्यायचं ना हे?" झाडीपट्टीच्या रंगभूमीवर मी उभा जन्म विनोदी काम केलं. मांडवात दहा हजार माणूस असो की वीस हजार (मी नेहमी वीसच सांगतो), हशा घेतल्याशिवाय मी कधी उतरलो नाही. त्या दिवशी हशा रशीदभाऊने घेतला. रशीदभाऊची लेक नसरीन माझ्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. बाप गेल्यापासून न हसलेली ती पोरगी खदखदून हसली, आणि हसता हसताच खुर्ची ओढून खाली बसली. "दादा," ती इंजिनिअरला म्हणाली, "पुढचं लावा."

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्या इंजिनिअरसारखे माझ्या मित्राकडे पाहाल.

रशीदभाऊ आमच्या नाटक मंडळीचा ऑर्गनवाला. दिवसा ब्रह्मपुरीच्या बसस्टँडजवळ बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावच्या मांडवात रंगमंचासमोर ऑर्गनवर बसायचा. त्याचा कान असा, की वडस्याला रेल्वेने शिटी दिली तर हा घरी दाढी करता करता सांगेल, "पांढरी दोन हाय, पण ड्रायव्हरनं थोडी उतरवली." आमच्याकडे नट-नटीची ओळख सुरावरून असते. कोण कोणत्या पट्टीतून गाते ते ऑर्गनवाल्याला पाठ पाहिजे, कारण प्रवेश सुरू झाल्यावर विचारायला वेळ नसतो. रशीदभाऊने ही गोष्ट इतकी मनाला लावून घेतली, की सुरांची नावंच तो विसरला. त्याच्यासाठी काळी चार म्हणजे शांताबाई, काळी एक म्हणजे गुलाबभाऊ. सप्तकात बारा सूर, तशी त्याच्याकडे बारा माणसं होती. त्यातली निम्मी स्टेज सोडून गेलेली, दोघं-तिघं तर जग सोडून गेलेली. तरी सूर त्यांच्याच नावावर.

मंडळीचा ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायचा जुना लाकडी हत्ती. अहेरीपासून वडस्यापर्यंतच्या रस्त्यांनी त्याची हाडं खिळखिळी केली होती, आणि उरलेलं वाळवी जेवत होती. "हा आता जास्त दिवसाचा नाई, बंडूभाऊ," एका उन्हाळ्यात तो मला म्हणाला. "जाच्या आधी याचा आवाज काढून घेतो." घरीच ऑर्गन वाजवायला शिकलेल्या नसरीनने त्याला लॅपटॉप आणि माइक आणून दिला आणि हा गडी घराच्या पत्र्याच्या खोलीत ऑर्गनसकट शिरला. एक सूर हळू, तोच मधला, तोच जोरात. प्रत्येक पट्टीचा आवाज वेगळा घ्यायचा, कापायचा, आणि मग कीबोर्डच्या पट्ट्यांना असा जोडायचा, की बोट लावलं की तो लाकडी हत्तीच बोलला पाहिजे. शहरात याला सॅम्पल लायब्ररी म्हणतात. रशीदभाऊ नुसतं "पेटी" म्हणायचा. पुढे त्यात ढोल आला. तो घ्यायला आम्ही अहेरीच्या पुढे एका गोंड पाड्यावर गेलो होतो. ढोल घुमायला लागला तशी रस्त्यावर वाघ येऊन बसला, असं मी सांगत आलो आहे. रशीदभाऊ मध्येच तोंड घाली, "रानडुक्कर होतं." आता तो नाही, तेव्हा खोटं बोलायची मजाही नाही. बैल होता.

ऑर्गन खरंच मोडला, आणि पुढच्या हंगामात मांडवात पेटी वाजली. डोळे मिटून ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांनासुद्धा फरक कळला नाही. दुसऱ्या मंडळ्यांनी कॉपी मागितली, नसरीननेही "अब्बा, एक कॉपी घरी तरी ठेवा" म्हणून डोकं खाल्लं. हा ऐकेल तर ना! "आपली पेटी दुसऱ्याच्या मांडवात काऊन वाजावी? एक हाय, एकच राहील." ...आणि या वैशाखात पेटी भरलेली ती एकुलती एक डिस्क टक् टक् करायला लागली आणि गप्प झाली. रशीदभाऊने तिला कानाशी धरलं. "लय बरोबर पकडली हाय तिनं," तो म्हणाला, "समेवर मात्र येत नाई." हसलो आम्ही. त्यानंतर मात्र त्याने दुकान उघडलं नाही. महिन्याभरात हृदयाचं दुखणं निघालं. एकीकडे डिस्क नागपूरच्या दुकानात आणि एकीकडे हा नागपूरच्या दवाखान्यात. मी शेवटचा भेटलो तेव्हा त्याच्या नाकात नळी होती. म्हटलं काहीतरी अल्ला-रसूलचं बोलेल. हा बोलला, "पेटी आली का?" मी म्हटलं, "येऊन राह्यली." तो म्हणाला, "आली की नसरीनले बसवजो माझ्या जागी. दुसऱ्या आवाजावर नको बसवू तिले." इतकंच. तिसऱ्या दिवशी फोन आला...

तेव्हा दिवाळीच्या आत पेटी उभी करायची, एवढंच माझ्या आणि नसरीनच्या हाती उरलं होतं. पण दुकानातून आलं ते काय? कापून, जोडून तयार केलेली पेटी सगळी खराब झाली होती. वाचलं ते कच्चं रेकॉर्डिंग, तेही नाव-गाव पुसलेलं. शेकड्याने तुकडे, नुसते आकडे लावलेले. प्रत्येक तुकड्याच्या आधी मात्र रशीदभाऊ ओरडून सांगत होता, कोणाचा सूर आणि कसा. नुसतं ऐकून सूर सांगायला बापाचा कान नसरीनकडे नव्हता, आणि अर्धी नावं तिला माहीतच नव्हती. ती माणसं तिच्या जन्माआधी स्टेजवरून उतरली होती. मला सगळी माहीत. म्हणून शाळेत शिकवून झालं की ती घरी यायची, मी यायचो, आणि त्या पत्र्याच्या खोलीत आम्ही बसायचो. "वैजयंता?" ती विचारी. "पांढरी पाच. आरमोरीची. पदराला अत्तर लावे," मी सांगे. तिला अत्तर नको असे, पण मी सांगे. एका तुकड्यात तो म्हणाला, "बंडूभाऊ, हळू." मी खुर्चीतून उठलोच. मला तर सात जन्मांत सूर लागला नाही! पुढे ऑर्गनची एक चिरलेली पट्टी शिट्टी मारल्यासारखी वाजली आणि मागून त्याचा आवाज आला, "फाटका हाय... राहू दे." नसरीनने तो तुकडा दोनदा लावला.

रशीदभाऊची बायको, झुबेदाभाभी, या दिवसांत खोलीत आल्या नाहीत. चहा उंबऱ्याशी ठेवून परत फिरत. नवऱ्याचा आवाज भिंतीच्या पलीकडून येऊ लागला की त्या अंगणात जात. आम्हीही बोलवत नव्हतो.

सूर लागले, जोडले गेले, पण पेटी काही उभी राहीना. प्रत्येक सुराच्या मागे घरघर. तापलेला पत्रा कडकडतो आहे, जवळच्या बसस्टँडवर गाड्या धडधडतात, आणि ऑर्गन त्यात बुडालेला. "अब्बाचा ऑर्गन साफ होता, काका," नसरीन म्हणाली. "हे मांडवात लावलं तं लोक उठून जातील. मी नाई बसत." तिने लॅपटॉप मिटला. मी त्याच दिवशी तिला बाजूला ठेवलेल्या तुकड्यांबद्दल सांगितलं. रोजच्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला असा एक तुकडा असे. रशीदभाऊ हाक मारी, "झुबेदा..." आणि पुढे काहीच नाही. ना सूर, ना शब्द. मिनिटभर नुसतं गप्प. नवरा-बायकोचं काही असेल, मनात आलेलं ओठावर आलं नसेल, म्हणून मी अदबीने ते वेगळे काढून ठेवले होते. खरं सांगतो, त्यावर मी मनात एक अख्खा प्रवेश रचला होता, आणि त्यात दोनदा रडलोही होतो.

नसरीनने ते ऐकले. एक, दोन, पाच. मग कपाळावर हात मारला. "काका! हा खोलीचा आवाज हाय. कोणी काहीच वाजवत नसते तेव्हा खोली जेवढी वाजते तेवढी घ्याची, आणि मग त्या दिवशीच्या एकेक सुरातून तेवढी काढून टाकाची. तेव्हा सूर साफ होते. अब्बा अम्मीले हाक मारून सांगत होते, आता घरात काही हलवू नको म्हणून." तिने तिथल्या तिथे एका सुरावर करून दाखवलं. पत्रा गेला, गाड्या गेल्या. शांताबाई, हळू... आणि आमचा लाकडी हत्ती खोलीत उभा होता.

नसरीन उठली आणि अंगणातून आईला हाताला धरून घेऊन आली. भाभींनी नको नको म्हटलं, पण बसल्या. तिने त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवला. हाक त्यांना ऐकू आली ते आम्हाला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. नंतरचं मिनिटभर त्या मांडीवर हात ठेवून, बांगडीही वाजू न देता बसून राहिल्या. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला. मी नाटकवाला माणूस, मला राहवलं नाही. म्हटलं, "भाभी, या पेटीचा एकेक सूर तुमच्या त्या मिनिटानं साफ होऊन राह्यला. रशीदभाऊनं साऱ्या मांडवाच्या खाली तुम्हाले ठेवलं."

"त्याच्यापायी कुकर उतरवून ठेवा लागे मले," भाभी म्हणाल्या. "भात कच्चा राहे."