चार दिवस राहायला

नागपूरहून मुलाचा फोन आला, "आई, तू आता इकडेच शिफ्ट हो." तेव्हापासून माझं डोकं भणभणायला लागलं.

आमच्या नेरला घर सोडून जाण्याचे दोनच प्रकार. राहायला जाणं म्हणजे एक पिशवी, चार साड्या, शेजारणीकडे किल्ली. बिऱ्हाड हलवणं म्हणजे देव उचलणं. भांडी मागून आली तरी चालतात, पण देव उठले की ते घर सुटलं. मागे कोणी दिवा लावत नाही. आता हे शिफ्ट होणं यातलं नेमकं काय? कपाट शिफ्ट करतात, पेशंट शिफ्ट करतात. मला तो शब्द गुळगुळीत वाटला, आणि गुळगुळीत बोलणाऱ्यावर माझा विश्वास नाही, मग तो पोटचा का असेना.

"रायले येऊ, का बिऱ्हाड घेऊन?" मी विचारलं.

"एकच झालं ना, आई."

एकच कसं होईल? मी फोन ठेवला आणि दोन दिवस धड जेवले नाही.

रविवारी तो गाडी घेऊन आला. आल्या आल्या घरटॅक्सची पावती मागितली. मग खोल्यांचे फोटो काढले. मी चहा टाकला, पण कान त्याच्याकडेच. देवांच्या फळीजवळ उभा राहून म्हणाला, "देवही आजच घेऊ." झालं. मी चहाचं भांडं खाली आपटलं.

"घर विकून राह्यला काय?"

"विकायचा विचार आहे," तो म्हणाला. "म्हणून तर तुले विचाराले आलो. तू नाही म्हटलं तर नाही."

इतकं सरळ उत्तर मला पचेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही, कारण चोरी मी केलेली होती. सासरे गेल्यावर सासूबाई महागावला एकट्याच राहत. "चार दिवस रायले चला," असं मीच त्यांना म्हटलं. त्या एक पिशवी घेऊन निघाल्या. शेजारी निरोप घ्यायला गेल्या तेवढ्यात मी देव उचलले, फडक्यात गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात घातले आणि डबा भाड्याच्या जीपमध्ये मागच्या सीटखाली सरकवला. नेरला येऊन ते माझ्या फळीवर मांडले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. हातपाय धुऊन त्यांनी दिवा लावला आणि परत जायचं नाव कधी काढलं नाही. त्यांना इथे करमलं, असं मी साऱ्यांना सांगत राहिले.

हे मी त्या दिवशी मुलाला सांगितलं. याआधी कोणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती, आणि तो चिडेल अशी भीतीही.

"मले माहीत आहे," तो म्हणाला. तेव्हा तो सात वर्षांचा होता. मी पुढे ड्रायव्हरजवळ, तो आणि आजी मागे. "डबा वाजे रस्त्यानं. आजीनं तो सीटखालून काढला, उघडून पाह्यला अन् मांडीवर घेऊन बसली. नेर आलं तं परत खाली सरकवला."

"मंग मले बोलल्या काहून नाहीत?"

"मी म्हटलं होतं, आईले सांगू काय. तं म्हणे, राहू दे. तिनं इचारलं असतं, तं मीच देव डब्यात भरले असते."