पांढऱ्या पायाची

तिसऱ्या पोरीच्या बारशाला माझी थोरली जाऊ सगळ्यांच्या आधी आली. घर शेजारीच, चूल वेगळी. बाळाला पाळण्याखालून देतात-घेतात, तेव्हा पलीकडून पोरगी घ्यायला तीच उभी. गळा चांगला आहे तिचा, पाळणाही तिनंच म्हटला. मग मोबाईल काढून तिनं फोटो घेतले. पाळणा, दोघी थोरल्या पोरी आणि मधोमध तान्हीला घेऊन मी.

मी तेव्हा ग्रामपंचायतीची मेंबर होते. भूमकडचं आमचं गाव लहान, पण मेंबरला मान असतो. तिसरं मूल झालं की मेंबरकी जाते, हे मला माहीत होतं. दिवस राहिले तेव्हा नवरा म्हणाला, "तुझं तू ठरव." मी पोर ठरवलं. सव्वा महिना झाला की स्वतः जाऊन राजीनामा देणार होते. त्याआधीच तक्रार गेली, आणि तक्रारीला जोडलेले फोटो आमच्याच पाळण्याचे. वरून कीर्तन, आतून तमाशा. ताठ मानेनं उतरायचं होतं मला, तिनं ढकलून उतरवलं.

तरीही मी गिळलं असतं. पण एकदा गिरणीत ज्वारी दळायला गेले, तर गिरणीवाली म्हणाली, "तुमची जाऊ म्हणत हुती, पोरगी पांढऱ्या पायाची हाय. आल्या आल्या आईची खुर्ची खाल्ली."

घरी येऊन पोरीचे तळवे पाहिले. गुलाबी, मऊ, अजून जमिनीला न लागलेले. मला रडू आलं नाही. हिला सोडायचं नाही, एवढंच मनात आलं.

माझ्या रिकाम्या जागेवर पोटनिवडणूक लागली आणि फॉर्म भरला जावेनं. तोवर पोरगी रांगायला लागली होती. तिला कडेवर घेऊन मी दारोदार फिरले, जावेच्या विरोधात उभ्या राहिलेल्या शिंप्याच्या सुनेसाठी. प्रत्येक उंबऱ्याच्या आत पोरीला खाली सोडायची आणि म्हणायची, "हीच ती पांढऱ्या पायाची. जाऊबाई म्हणतात तसं. तुमीच बघा आता." बाया पोरीला उचलायच्या, गूळ चाटवायच्या आणि जावेचं नाव निघालं की तोंड वाकडं करायच्या. लेकुरवाळ्या बायांच्या गल्लीत तान्ह्या पोरीला नाव ठेवून मतं मागायची म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा.

जाऊ पडली. मी गूळ वाटला. पडल्यावर ती काय म्हणाली असेल? "त्या पोरीचा पाय लागला."

पहिल्या वाढदिवसाला मी मुद्दाम तिच्या घरी जाऊन बोलावणं केलं. न येऊन बायांना काय सांगणार? आली, जांभळी नवी साडी नेसून, खुर्चीवर बसली. आत पुरणपोळ्या लाटणं चाललं होतं. पोरगी पिठीच्या परातीत उभी राहून, भिंत धरत बाहेर आली आणि भिंत सोडून, आयुष्यात पहिल्यांदा, आधाराशिवाय चालली. सरळ जावेकडे. जावेनं दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले. सगळ्या बायांनी ते पाहिलं. पोरगी हात वर करून उभी, उचल म्हणून.

मी जागची हलले नाही.

"घ्या की अक्का," मी म्हणाले. "बारशाला तर पाळण्याखालून घेतली हुती."

जावेला उचलावंच लागलं. पोरगी तिच्या मांडीवर उभी राहून नाचली, तिच्या नाकातली चमकी ओढू लागली. खाली उतरवली तेव्हा जांभळ्या साडीवर पिठीची दोन पावलं उमटलेली. जाऊ झटकायला गेली, तसा मी तिचा हात धरला.

"असू द्या अक्का," म्हणाले. "पांढरीच हायेत."