मामांचा स्टोव्ह आणि दह्याची वाटी

माझ्या बायकोच्या मामांइतका विचार करून अख्ख्या न्यू जर्सीत कुणी श्वाससुद्धा घेत नसेल. छत्री घ्यायला गेले, तर दुकानातच ती उघडून दहा मिनिटं खाली उभे राहतात. थर्मामीटरवर त्यांचा विश्वास नाही. हिवाळ्यात घराची ऊब ते दह्यात मोजतात: कोमट दुधाला विरजण लावायचं, प्रत्येक खोलीत एकेक वाटी ठेवायची आणि सकाळी बघायचं, कुठे लागलं. एकदा त्यांच्याकडे राहायला गेलो असताना पाहुण्यांच्या खोलीतलं तापमान मी मोज्यासकट तुडवलं होतं.

मामींच्या खिडकीजवळच्या खुर्चीशेजारची वाटी मात्र कधीच लागायची नाही. तिथे त्या दोन स्वेटर आणि वर शाल घेऊन, आखडलेले गुडघे चोळत बसायच्या. एकदा अगदी शांतपणे म्हणाल्या, की असंच राहिलं तर हिवाळ्यात मी आपली नागपूरला भावाकडे जाईन. तेव्हा मामा पेलेट स्टोव्हच्या विचाराला लागले. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या जाळणारी ही शेगडी घ्यावी की नाही, यात पहिला हिवाळा गेला. चाळीस पौंडांची पिशवी उचलणार कोण? राख टाकायची कुठे? कांड्या आत ढकलायला वीज लागते, म्हणून सगळ्यात शेवटी, "लाइट गेली तर?"

मी पोट धरून हसलो. "मामा, लोडशेडिंग नागपूरला सोडून आलात तुम्ही." एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! त्यांना दाखवून द्यायला मीच आमच्या हॉलमध्ये तो स्टोव्ह बसवला आणि पुढच्या हिवाळ्यात दोघांना वाटीसकट राहायला बोलावलं. मामींनी आल्या आल्या शाल काढून ठेवली. ती चार तास बाजूला राहिली. मग बर्फाचा पाऊस झाला, झाडाची फांदी तारांवर आली आणि स्टोव्ह गप्प. सकाळी वाटीत दूध जसंच्या तसं. मामांनी त्यात चमचाभर साखर घातली, ढवळली, वाटी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "पी."

ते पुन्हा विचारात पडले आणि त्या विचारात वर्ष गेलं. नोव्हेंबर लागताच मामी नागपूरला गेल्या. त्यात माझा वाटा किती, हे मला कुणी विचारलं नाही, हीच पंचाईत.

त्यानंतर मात्र मामांनी महिन्याभरात स्टोव्ह घेतला, बॅटरीसकट. पिशव्या उचलायला दर शनिवारी मी जातो. खुर्चीशेजारची वाटी पहिल्याच दिवशी लागली, सुरीने वड्या पाडाव्यात अशी. मामांनी तिचा फोटो मामींना पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यात स्टोव्हबद्दल अवाक्षर नव्हतं: "रोज थोडं विरजणाला ठेवत जा. मी येईपर्यंत."

तेव्हापासून मामा रोज वाटी लावतात. एकट्याला संपत नाही, म्हणून शनिवारी सगळं दही मला खायला लावतात. तळाशी चमचाभर उरलं, की माझ्या हातातली वाटी काढून घेतात.