स्पेनचा राजा गेला त्या साली

आप्पानं मागाचा धोटा माझ्या अंगावर फेकला. खांद्याला लागून तो फरशीवर पडला. मग आप्पा नळावर गेला आणि त्यानं तोंड धुतलं. तीनदा. धोट्याला तोंड मी लावलं होतं, त्यानं नव्हे. तरी धुतलं.

"आरं, ह्यो धोटा आता मी तोंडात घालू व्हय?" तो ओरडला.

सोलापूरच्या गिरणीत मी कताईखात्यात होतो. महारवाड्यातला म्हणून विणाईखात्यात मज्जाव. कारण एवढंच, की धोट्यात सुताची नवी कांडी भरली की सुताचं टोक भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागतं. माझ्या थुंकीनं त्यांचा धर्म बुडत होता. कांड्यांची टोपली मी विणाईच्या दारापर्यंत न्यायची, आत नेणारे दुसरे. मागावर उभं राहायचं, एवढंच मला हवं होतं. दारातून बघून बघून सगळं काम शिकलो होतो.

आप्पा विणकर, युनियनचा पुढारी. आदल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं. १९३१ साल. स्पेनच्या लोकांनी मतं दिली आणि त्यांचा राजा देश सोडून गेला. बायाबापड्या रस्त्यात नाचल्या.

"आता तितं कुणी वरचा न्हाय, कुणी खालचा न्हाय," आप्पा म्हणाला. त्यानं वर्तमानपत्र डोक्यावर उंच धरलं. मी सगळ्यांच्या मागं उभा राहून टाळ्या वाजवल्या. गाढव मी. खरं मानलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी आप्पा पाणी प्यायला गेलेला, त्याचा माग थांबलेला बघितला आणि सरळ आत शिरलो. कांडी भरली. सूत ओढलं. पहिल्याच दमात आलं! धोटा मागात ठेवणार, तोच आप्पा परतला.

"आप्पा, काल तुमीच वाचलं की," मी म्हणालो.

"त्ये स्पेनात. हितं सोलापूर हाय."

सगळं खातं हसलं. मला रडू फुटलं, आणि ते त्यांच्यासमोर फुटलं याची लाज वाटते अजून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आदल्या साली शहरात इंग्रजांचा लष्करी कायदा होता, तेव्हा पांढऱ्या गांधी टोपीपायी मीही काठ्या खाल्ल्या होत्या. गोऱ्या शिपायानं मारताना जात विचारली नव्हती.

पुढं मीच वर्तमानपत्र मिळवून वाचू लागलो, संध्याकाळी वस्तीलाही वाचून दाखवू लागलो. स्पेनात गावोगाव शाळा निघत होत्या. खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या जात होत्या. वर्षअखेरीस त्यांनी घटना केली. जन्मावरून कुणाला जादा हक्क नाही, असं लिहूनच टाकलं. ते मी चारदा वाचलं.

त्याच सुमारास संप ठरला. आप्पा आमच्या वस्तीच्या कडेला येऊन उभा राहिला. हातात मागण्यांचा कागद.

"सही कर. तुज्या मागं लई माणूस हाय."

मी कागद वाचला. पगार, कामाचे तास, सगळं होतं. विणाईखात्यात आम्हाला घ्या, हे नव्हतं.

"ह्ये लिवा की, आप्पा."

"नंतर बघू. आदी एकी पायजे."

"कुणाची एकी?"

 मी कागद परत त्याच्या हातात दिला. सांगितलं, की आमचं कलम लिहून आणा, सगळ्यांत वर. तोवर ह्या वस्तीतला एकही माणूस तुमच्या संपात येणार नाही. एकी फुटली म्हणून मालक हसेल. हसू दे. तुम्ही हसलात, तेही सोसलंच.

सही केली नाही. कलम येईस्तोवर करणारही नाही.