उलट्या गिअरचं वऱ्हाड

केदारखेड्याच्या तातेरावला दोन गोष्टी फार चांगल्या जमायच्या. एक जीप चालवणं आणि दुसरी, चेहऱ्यावरची रेघ न हलवता माणसाची फिरकी घेणं. पहिली तो दुष्काळात शिकला. दुसरी, त्याची बायको बेबीनंदा म्हणायची, आईच्या पोटातूनच घेऊन आल्ता.

बहात्तरच्या दुष्काळात भोकरदनच्या सडकेचं काम निघालं, तेव्हा नवरा-बायको दोघंही खडी फोडायला जात. ठेकेदाराच्या जीपवर एक म्हातारा हैदराबादी ड्रायव्हर होता. दुपारी तो बाभळीखाली आडवा झाला की तातेराव हळूच जीपमध्ये जाऊन बसे आणि बंद गाडीचा गिअरचा दांडा मागं-पुढं करत राही. एकदा म्हाताऱ्यानं त्याला रंगेहाथ पकडलं. तातेरावनं पाठ पुढं केली, आता बसतोय पायताण! पण म्हाताऱ्यानं शेजारी बैठक मारली आणि म्हणाला, "दांडा हिलाने से क्या होता मियाँ? गाडी कू पुछो, उसकू क्या होना."

काम संपेपर्यंत म्हाताऱ्यानं त्याला गाडीला विचारायला शिकवलं. सपाटीला तिसरा गिअर. चाक पळतं, इंजिन निवांत. चढ दिसला की वेगाचा मोह सोडायचा आणि इंजिन कण्हायच्या आधीच दुसरा टाकायचा. चाक हळू फिरतं पण जोर दुणावतो. त्याहून खडा चढ असेल तर पहिला. मिस्त्री लोक त्या जोराला टार्क म्हणत. तातेराव म्हणे दम. "स्पीड वेगळी अन् दम वेगळा," तो सांगायचा. "पळणाऱ्याला स्पीड लागती, चढणाऱ्याला दम. आपली गाडी चढणारी हाय."

पुढं त्याला नवीन जालन्यात एका बियाण्याच्या व्यापाऱ्याकडं नोकरी लागली. जीप मिलिटरीच्या लिलावातली, स्टिअरिंग डाव्या अंगाला, गिअर तीनच. चढासाठी तिच्यात आणखी एक लहान दांडा होता, पण तो मिलिटरीतच जाम होऊन आला होता. पहिला गिअर चालत्या गाडीत टाकायचा तर दोनदा क्लच दाबावा लागे, नाहीतर दात खाई. तातेराव ती अशी चालवायचा की दांडा कधी हलला ते शेजारच्याला कळत नसे. सकाळी सरकी, ज्वारीच्या बियाण्याची पोती गावोगाव पोचवायची आणि मोकळ्या गाडीत वाटेवरची माणसं घ्यायची, असा रिवाज. मालकाला तो माहीत होता आणि नाक्यावरच्या पोलिसालाही.

या वाटेवर म्हसोबाची चढण होती. इकडून या नाहीतर तिकडून, चढ काही चुकायचा नाही. मधोमध डोंगराची धार आणि माथ्यावर एक छोटं गाव. या चढणीवर तातेरावनं स्वतःचं एक कोर्ट उघडलं होतं.

कोर्टाचा कायदा एकच. जो दुसऱ्याला सरकून जागा देत नाही, तो चढण पायी चढतो.

शिक्षा द्यायची रीत अशी. चढ लागला की तातेराव गिअर बदलायचाच नाही. तिसऱ्यावरच गाडी वर रेटायचा. इंजिन गचके खायचं, बॉनेट थरथरायचं, आतली भांडीकुंडी वाजायला लागायची. मग तो चिंताक्रांत चेहरा करून आरोपीकडं वळे.

"मालक, गाडीला वजन झेपून न्हाई राह्यलं. तुमी जरा उतरता का? तुमी म्हंजे वजनदार माणूस."

वजनदार म्हटल्यावर आरोपी उलट खुश होऊन उतरे. तो उतरला की तातेराव गुपचूप दुसरा टाकी आणि गाडी शेळीसारखी टुणटुणत वर जाई. आरोपी घामाघूम होऊन माथ्यावर पोचेपर्यंत बाकीचे भुईमुगाच्या शेंगा खात सावलीला बसलेले असत.

या कोर्टात सगळ्यात जास्त वेळा उभे राहिले ते कारभारी पाटील. जमीन भरपूर, मिशा त्याहून भरपूर. पाटील नेहमी पुढच्या सीटवर बसत आणि उरलेल्या अर्ध्या जागेवर आपली कापडी पिशवी ठेवत. तातेरावच्या वस्तीतली एखादी म्हातारी मागं लोंबकळत उभी असली, तरी पिशवी काही मांडीवर यायची नाही. पिशवी का ठेवतात हे सगळ्यांना कळे आणि कुणी बोलत नसे. बोलायची फक्त जीप. चढण लागली की ती अशी रडायला लागे की ज्याचं नाव ते.

"तातेऱ्या, ही गाडी माझ्याच येळंला कशी रे बसती?" पाटील धापा टाकत विचारत.

"तेच तर कळंना, पाटील. मिस्त्रीला बी इचारलं. तो म्हणला, बड्या माणसाची गाडीला दहशत बसती."

एका बाजाराच्या दिवशी पाटलांच्या पत्नी दुर्गाबाई सोबत होत्या. त्या मागं बसल्या होत्या, बरोबर तातेरावच्या खांद्यामागं. पाटील उतरले, जीप वर गेली. माथ्यावर बाकीची माणसं पाय मोकळे करायला उतरली तशा दुर्गाबाई पुढं वाकल्या.

"तातेराव, रोज चढ आला की तुजा उजवा हात त्या दांड्यावर जातो. आज पाटील उतरंपर्यंत मांडीवरच व्हता. कामून?"

तातेरावच्या तोंडचं पाणी पळालं. "न्हाई बाई, ते आपलं… हाताला मुंग्या आल्त्या."

"मुंग्या काय! म्या चार बैल जोडून गाडी हाकलेली बाई हाय. खरं सांग."

त्यानं मान खाली घालून खरं सांगितलं. आता नोकरी गेली, असंच त्यानं धरलं. दुर्गाबाईंनी खाली चढणीकडं पाहिलं. पाटील धोतराचा सोगा हातात धरून, एकेका दगडाला शिव्या घालत वर येत होते. दुर्गाबाईंनी पदर तोंडात कोंबला, पण त्यांचे खांदे हलत होते ते काही थांबेनात.

"वैद सांगून सांगून थकला, चालत जावा म्हणून," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "ऐकत न्हाईत. तू असं कर, येताना बी उतरव. पण माजं नाव घेशील तर बघ."

असा तो गुप्त करार झाला. पावसाळाभर पाटलांचं पोट चांगलं दोन बोटं आत गेलं. तातेरावनं घरी हे बेबीनंदाला सांगितलं तेव्हा ती हसली आणि मग म्हणाली, "गाडीला खोटं रडवून राह्यलात, पण एक दिवस ती खरं रडंल, तवा काय कराल?"

"मंग उतरतील की लोक!" तातेराव म्हणाला.

करार मोडला तो दुर्गाबाईंच्या हसण्यामुळं. एका हळदीकुंकवाला त्यांच्या पोटात गुपित राहीना. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं नवऱ्याला, आणि सुगी यायच्या आत सगळ्या वाटेला कळलं की तातेरावची जीप ढोंगी आहे. फक्त तातेरावला कळलं नाही की लोकांना कळलंय.

त्या उन्हाळ्यात पाटलांचा पुतण्या धर्मराज याचं लग्न ठरलं. नवरी म्हसोबाच्या चढणीच्या माथ्यावरच्या गावची. वऱ्हाड बैलगाड्यांनी पहाटेच गेलं. नवरदेव आणि खाशी मंडळी मात्र जीपनं. मालकानं जीप दिली, पण तिची तब्येत त्या दिवशी खरोखरच बरी नव्हती. एक प्लग मधूनच पेटायचा चुकत होता. त्यात गाडी भरताना लोकांनी मर्यादा सोडली. नवरदेव, करवल्या, तांब्याचा बंब, आहेराची पाटी, एक पेटी, आणि मागच्या फाळक्याशी पाय सोडून दुर्गाबाई. पुढं पाटील. त्या दिवशी दाटीच एवढी होती की पिशवी त्यांनी गळ्यातच अडकवली होती.

चढण लागली. तातेरावनं वेळेवर दुसरा टाकला. गाडी कण्हली. त्यानं दोनदा क्लच मारून पहिला टाकला. गाडी थोडी सरकली, हिसका खाल्ला आणि बंद पडली. त्यानं ब्रेक दाबून धरला.

"मंडळी," तो म्हणाला, "जरा उतरा. बिलकुल दम न्हाई राह्यला तिच्यात."

जीपमध्ये हास्याचा स्फोट झाला. कुणी हललं नाही.

"पाटील, शप्पथ! आज खरंच…"

पाटलांनी मिशीवरून सावकाश हात फिरवला. हा क्षण ते कितीतरी दिवस तोंडात घोळवत होते. "तातेऱ्या, तुजा हात दांड्यावर ठेव अन् गाडी चालव. समदं ठाऊक हाय मला. आज म्या वऱ्हाड घेऊन चाल्लोय. आज म्या मेलो तरी उतरत न्हाई."

"बाई, तुमी तरी सांगा!" तातेराव मागं वळून काकुळतीला आला.

"आता पुरं कर रं बाबा," दुर्गाबाई हसत म्हणाल्या. "लगीन हाय. म्हूर्त टळंल."

तातेरावनं एकदा आभाळाकडं पाहिलं, एकदा बॉनेटकडं. बेबीनंदाचं बोलणं त्याला आठवलं आणि कान गरम झाले. या माणसांना खरं सांगायचा हक्क आपणच चढणीवर घालवला, हे त्याला बसल्या जागी उमगलं. मग त्याला म्हातारा हैदराबादी आठवला. गाडी कू पुछो. गाडीत पहिल्यापेक्षाही दमदार असा एक गिअर होता, आणि तो होता उलटा.

त्यानं ब्रेक हळूहळू सोडत जीप चढणीच्या पायथ्यापर्यंत मागं उतरवली. तिथं ती पुन्हा चालू करून वळवली. आता तिचं तोंड घराकडं आणि पाठ लग्नघराकडं.

"ए, कुठं चालला? घरी?" पाटील ओरडले.

"लग्नालाच, पाटील. घट्ट धरा."

त्यानं उलटा गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं आणि जीप पाठमोरी, मुंगीच्या पावलानं, पण न थांबता चढण चढू लागली. अडचण एकच होती. मागचं काही दिसत नव्हतं. नवरदेवाचा फेटा आणि बंब आडवे येत होते. वाट फक्त दुर्गाबाईंना दिसत होती.

"डावीकडं घे!" त्या ओरडल्या.

"कुणाच्या डावीकडं? तुमच्या का माज्या?"

"माज्या! न्हाई, तुज्या! अरं, दगुड!"

"दगुड कुठं हाय ते सांगा, कुणाचा हाय ते नगा सांगू!"

करवल्या किंचाळत होत्या, बंब वाजत होता, धर्मराज दोन्ही हातांनी बाशिंग सांभाळत होता. पाटील पुढच्या सीटवर बसून दूर जाणाऱ्या सडकेकडं, जणू गावच आपल्याला सोडून चाललंय अशा चेहऱ्यानं बघत होते. अर्ध्या चढावर त्यांना पटलं की गाडी खरोखरच बसली होती. "तातेराव," ते बारीक आवाजात म्हणाले, "खरंच उतरू का रं?"

"आता नगा उतरू," तातेराव म्हणाला. "आता थांबली तर पुन्हा निघणार न्हाई."

माथ्यावर गाडी वळवायला चांगली ऐसपैस जागा होती. तातेरावला ती दिसली. पण वेशीत बँडवाले उभे होते, मांडवात माणसं वाट बघत होती, आणि सरळ तोंडानं तर सगळेच जातात. त्यानं जीप तशीच पाठमोरी वेशीतून आत घेतली. बँडवाले गोंधळून आधी बॉनेटकडं पळाले, मग मागं. दुर्गाबाई आणि नवरदेव सगळ्यांत आधी मांडवापाशी पोचले. मानाच्या पहिल्या सीटवरचे पाटील सगळ्यांत शेवटी.

नवरीकडची मंडळी विचारू लागली, ही काय नवी पद्धत? पाटलांनी मिशी सारखी केली.

"गाडी बसली व्हती. ड्रायव्हर घाबरला. म्याच म्हणलं, घे उलटी! उलट्या गिअरला दम जादा असतो."

लग्न लागलं, पंगती बसल्या. तातेराव नेहमीप्रमाणे जीपपाशीच बसला होता. ड्रायव्हरचं ताट अशा लग्नात तिकडंच येई. पण मांडवात पाटलांची गोष्ट रंगात आली होती आणि कुणीतरी अविश्वासानं हसलं. पाटील तिथूनच ओरडले, "खोटं वाटतं? बोलवा त्याला! ओ तातेराव, या इकडं. सांगा ह्यांना."

तातेराव मांडवात आला. पाटलांनी हातानं जागा दाखवली, अगदी आपल्या शेजारची. दोन-चार जणांनी एकमेकांकडं पाहिलं, पण पाटलांना साक्षीदार हवा होता. तातेराव मांडी घालून बसला. पुढ्यात पत्रावळ आली.

"सांग की," पाटील म्हणाले.

"सांगतो ना, पाटील." त्यानं पत्रावळीकडं पाहिलं. "पण उपाशीपोटी गोष्ट बराबर निघत न्हाई."

बुंदी आली. तातेरावनं सावकाश खाल्ली आणि एवढंच सांगितलं की चढण लागली. वाढप्यानं पुन्हा बुंदी वाढली, तेव्हा गाडी बंद पडली. पुऱ्या आल्या, तेव्हा पाटलांनी आवाज दिला. "काय म्हणलो म्या?" पाटील अधीर झाले. "येतो, येतो, थोडं वरण येऊ द्या," तातेराव म्हणाला. बायकांच्या बाजूला दुर्गाबाई पदराआड पुन्हा हलायला लागल्या होत्या.

शेवटी ताक आलं. तातेरावनं मिशा पुसल्या आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "पाटील म्हणले, तातेराव, म्या मेलो तरी उतरत न्हाई! अन् माणूस एवढा ठाम असल्यावर गाडीचं काय चालतंय? चढली बिचारी, पाठ फिरवून."

पंगत खदखदून हसली. पाटीलही हसले, पण ही तारीफ का टिंगल, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पुढं कितीतरी वर्षं ही गोष्ट ते लग्नालग्नांतून सांगत राहिले, आणि साक्षीला दर वेळी तातेरावलाच शेजारी बसवून घेत. तातेरावही दर वेळी ती नव्यानं सांगे, बुंदी कशी झालीय ते बघून.