ताईविरुद्धचं भाकीत

ताई गेली तो सोमवार होता. सकाळी दवाखान्यातून फोन आला. दुपारी आम्ही अमरधाम स्मशानभूमीत होतो.

पुढचे दिवस लोक भेटायला येत, ताईबद्दल बोलत. मला मात्र तिचं टेबल टेनिसच आठवे, आणि ते तोंडाने सांगायची चोरी.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या द्वारका चौकाजवळ आमच्या कॉलनीत गणेश मंडळाचा हॉल होता, त्यात एक टेबल. तिथे ताई, माझी मोठी बहीण, मला रोज संध्याकाळी हरवायची. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होतो. हरणं थांबवण्यापेक्षा हरण्याचा अभ्यास करणं मला सोपं वाटलं. बुद्धिबळाच्या एका पुस्तकात खेळाडूंना आकडे द्यायची रीत सापडली. वरचढ माणसाला हरवलं की आपला आकडा बराच वाढतो, दुबळ्याला हरवलं की थोडासा. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून पुढचा निकाल सांगता येतो. पंचवटी, नाशिकरोड, जिथे आम्ही स्पर्धा खेळलो तिथले निकाल मी सूत्रात घातले. माझा आकडा ताईच्या वर आला.

"चारांतले तीन गेम मी जिंकायला हवेत," मी तिला सांगितलं.

"मग जिंक ना," ती म्हणाली आणि सर्व्हिस केली.

मी हरलो. सूत्र दुरुस्त केलं, पुन्हा हरलो. आई म्हणायची, "अरे, तेवढा वेळ बॅकहँडला दिला असतास तर?"

कारण कळलं ते एका गणेशोत्सवात. महाप्रसादाला जाळी काढून त्याच टेबलावर वरणाची गरम पातेली ठेवत. त्या जागा खराब झाल्या होत्या, तिथे चेंडू उसळतच नसे. वाढायला दरवर्षी ताई. कुठलं पातेलं कुठे, तिला पाठ, आणि खेळताना चेंडू ती नेमका त्याच जागांवर टाकायची. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला. बाहेर ती साधारण खेळाडू होती, घरच्या टेबलावर अजिंक्य. माझ्या सूत्राने सगळी टेबलं सारखीच धरली होती.

"तुला माहीत होतं?"

"वाढायला आला असतास तर तुलाही कळलं असतं, प्रोफेसर."

दोन हजारनंतर मंडळाने नवं टेबल घेतलं. तोवर गेम एकवीस गुणांऐवजी अकराचा झाला होता आणि ताई आजारी पडली होती. उपचारांमधल्या एका बऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "चल, नवं टेबल बघू. आणि हळू खेळलास तर याद राख."

डावा हात टेबलावर टेकून ती खेळली. नियमाने त्यावर गुण जातो. ते गुण मी मागितले नाहीत. पण हळूही खेळलो नाही. टेबलावर डाग नव्हते, माझा आकडा वर होता आणि मला जिंकायचं होतं. दहा-नऊ अशी माझी आघाडी झाली. मग जिंकायच्या घाईत तीन सोपे चेंडू मी ओळीने जाळीत मारले आणि बारा-दहाने हरलो.

"मुद्दाम केलंस?"

"नाही गं. खरंच नाही."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि इतकी हसली की खुर्ची आणावी लागली.

पुढचा गेम झाला नाही. टेबल अजून हॉलमध्ये आहे. ताईविरुद्ध मी एकही गेम जिंकलेलो नाही.